नकाशावरून पुसलेले प्रांत आणि फ्रान्सच्या सहलीचा मार्ग

पॅरिसहून निघून नॉर्मंडी, ब्रिटनी आणि लुआर नदीचे खोरे पाहून आठ-दहा दिवसांत पॅरिसला परतणारी, मार्गदर्शकासह होणारी बसची गटसहल ही फ्रान्समधली फार रुळलेली सहल आहे. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत दर दिवसापुढे एकेका ऐतिहासिक प्रदेशाचे नाव असते आणि ही नावे शतकानुशतके अखंड चालत आली असावीत, असा वाचणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात 1790 साली फ्रान्सच्या संविधान सभेने हे सारे प्रांत कायद्याने रद्द केले आणि त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ सरकारी नकाशावर नॉर्मंडी किंवा ब्रिटनी नावाचा कोणताही स्थिर प्रशासकीय घटक नव्हता. ही नावे टिकली ती लोकांच्या बोलण्यात, स्वयंपाकघरात आणि बऱ्याच अंशी प्रवाशांसाठी छापलेल्या पुस्तकांत व सहलींच्या वेळापत्रकांत. सहलीचा आजचा मार्ग कसा ठरत गेला, हे पाहायचे तर या प्रांतांचे विलीनीकरण, त्यांचे पुसले जाणे आणि प्रवाशांच्या निमित्ताने त्यांचे परतणे या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

प्रत्येक प्रांत फ्रेंच राजसत्तेकडे वेगळ्या वाटेने आला. नॉर्मंडीचे मूळ 911 सालच्या तहात आहे. सेन नदीतून वर येऊन लूट करणाऱ्या व्हायकिंग टोळ्यांचा म्होरक्या रोलो याला राजा तिसरा चार्ल्स याने नदीच्या मुखाकडचा मुलूख तोडून दिला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार होता. पण तो साधला, कारण रोलोच्या माणसांनी पुढच्या टोळ्यांना नदीतून वर येऊ दिले नाही आणि दोन-तीन पिढ्यांत ते फ्रेंच बोलू लागले. याच घराण्यातल्या विल्यमने 1066 साली इंग्लंड जिंकले. त्या स्वारीची कथा सांगणारा बायो येथील सुमारे 70 मीटर लांबीचा पट जगभर ‘टॅपेस्ट्री’ म्हणून ओळखला जात असला, तरी तो विणलेला नसून तागाच्या कापडावर लोकरी धाग्यांनी केलेले भरतकाम आहे. तो जिथे ठेवलेला असे ते संग्रहालय सप्टेंबर 2025 पासून नूतनीकरणासाठी बंद झाले, त्यामुळे ते पुन्हा उघडेपर्यंत बायोला येणाऱ्या गटांना कॅथेड्रलवर समाधान मानावे लागते. विल्यमच्या विजयानंतर नॉर्मंडीचा ड्यूक हाच इंग्लंडचा राजा झाला आणि फ्रान्सच्या राजाला आपल्याच सरदारापेक्षा दुबळे राहावे लागले. ही अवघड स्थिती दुसऱ्या फिलिपने 1204 साली रुआँ शहर घेऊन मोडली.

ब्रिटनीची गोष्ट वेगळी आहे. पाचव्या-सहाव्या शतकांत ब्रिटनच्या बेटावरून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी आपली केल्टिक भाषा इथे आणली. ती ब्रेतों भाषा आजही या द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात ऐकू येते. हे ड्यूकचे राज्य फ्रान्सला युद्धाने मिळाले, पण ते टिकले लग्नांमुळे. ड्यूकला मुलगा नव्हता. त्याची वारसदार मुलगी अॅन हिला 1491 मध्ये लुआरकाठच्या लांजे येथील गढीत आठव्या चार्ल्सशी लग्न करावे लागले. तो वारल्यावर 1499 मध्ये तिने बाराव्या लुईशी, म्हणजे पुढच्याच राजाशी लग्न केले. तिची मुलगी क्लोद ही पहिल्या फ्रान्स्वाची राणी झाली आणि 1532 साली ब्रिटनीच्या सभेने विलीनीकरण मान्य केले, तेही करांचे व न्यायदानाचे आपले हक्क राखून.

या दोन प्रांतांच्या सीमेवर, उपसागरातल्या एका खडकावर माँ-सें-मिशेलचा मठ उभा आहे. बेनेडिक्टाइन साधू तिथे 966 साली आले. ‘आश्चर्य’ या नावाने ओळखली जाणारी उत्तरेची तीन मजली इमारत तेराव्या शतकातली आहे. पायथ्याशी वाहणारी कुएनों नदी ही दोन प्रांतांची सीमा मानली जाई आणि ती वारंवार पात्र बदलत असे, म्हणून ‘कुएनोंला वेड लागले आणि माँ नॉर्मंडीत गेले’ अशी ब्रिटनीकडची एक जुनी म्हण आहे. सहलीत हा थांबा बहुधा ब्रिटनीत शिरण्याच्या आधी येतो आणि दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक ही म्हण आपापल्या सुरात सांगतात.

लुआरच्या खोऱ्यात इतके राजवाडे का, हा प्रश्न बसमध्ये हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर निसर्गसौंदर्यात नाही, तर पराभवात आहे. इंग्लंडशी चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धात 1418 पासून पॅरिस आधी सातव्या चार्ल्सच्या विरोधातल्या, बर्गंडीच्या ड्यूकच्या पक्षाकडे आणि मग इंग्रजांकडे गेले, तेव्हा चार्ल्सला नदीच्या दक्षिणेला आश्रय घ्यावा लागला. जोन ऑफ आर्क 1429 मध्ये त्याला भेटली ती शिनों येथे. त्याच वर्षी मे महिन्यात ओर्लेआँचा वेढा उठला. पॅरिस 1436 मध्ये परत मिळाले, तरी दरबार लगेच परतला नाही. त्याला या नदीकाठची सवय लागली होती. पुढची नव्वद वर्षे राजे तूर, आंबुआझ आणि ब्लुआ यांच्या आसपास राहिले, आणि राजा जिथे राहतो तिथे त्याचे खजिनदार व सचिवही घरे बांधतात. शनाँसो हे एका अशाच करअधिकाऱ्याचे घर होते आणि नवरा बहुतेक काळ मोहिमांवर असल्यामुळे त्याचे बांधकाम त्याची पत्नी कातरीन ब्रिसॉने हिने पाहिले.

आठव्या चार्ल्सने 1494 मध्ये इटलीवर स्वारी केली. राज्य म्हणून तिच्यातून काहीच हाती लागले नाही, पण तो कारागीर आणि बागकाम करणारे बरोबर घेऊन आला. आंबुआझच्या वाड्यात 1498 मध्ये एका बुटक्या दरवाजाच्या चौकटीवर डोके आपटून तो वारला. पहिल्या फ्रान्स्वाने 1516 मध्ये लिओनार्दो दा विंचीला त्याच गावी आणले आणि तीन वर्षांनी लिओनार्दोचा तिथेच अंत झाला. शाँबोरचे काम 1519 साली सुरू झाले. चारशेंहून अधिक खोल्यांच्या या वाड्यात एकमेकांना न भेटता वर चढणारे दोन सर्पिल जिने एकाच खांबाभोवती फिरतात. ती कल्पना लिओनार्दोचीच, असे छातीठोकपणे सांगणारे मार्गदर्शक भेटतात. त्याला कागदाचा पुरावा नाही. राजा स्वतः तिथे आयुष्यभरात मिळून काही आठवडेच राहिला, कारण शाँबोर हा मुळात शिकारीचा आणि मिरवण्याचा वाडा होता. त्यानेच 1528 मध्ये यापुढे पॅरिस व त्याच्या परिसरात राहण्याचा आपला बेत जाहीर केला आणि लुआरकाठचे वाडे हळूहळू मागे पडले. मागे पडल्यामुळेच ते वाचले, असे म्हणता येईल. पॅरिसजवळच्या वाड्यांमध्ये प्रत्येक पुढच्या राजाने आपल्या आवडीची पाडापाडी केली.

क्रांतीनंतर प्रांतांचे विशेष हक्क, निरनिराळे कर, जकातीची नाकी आणि स्थानिक न्यायसभा या सगळ्यांना एकाच फटक्यात संपवण्यासाठी देशाचे 83 देपार्तमाँ, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग करण्यात आले. त्यांना जुन्या प्रांतांची नावे न देता नद्या, डोंगर आणि किनारे यांची नावे दिली गेली. नॉर्मंडीचे पाच तुकडे झाले, ब्रिटनीचेही पाच, आणि तूर शहराभोवतालच्या तूरेन प्रांताचा मोठा भाग आंद्र-ए-लुआर झाला. नद्यांच्या खालच्या अंगाला असलेल्या विभागांच्या नावात ‘कनिष्ठ’ असा अर्थ निघू शकणारा शब्द आल्यामुळे तिथले लोक पुढे दीड शतक कुरकुरत राहिले. ‘कनिष्ठ सेन’ 1955 साली ‘सागरी सेन’ झाले, तर ‘कनिष्ठ लुआर’ 1957 साली ‘अटलांटिक लुआर’. या नव्या नावांपैकी फारच थोडी लोकांच्या जिभेवर बसली. ठळक अपवाद कॅल्वाडोसचा: नॉर्मंडीतल्या सफरचंदाच्या मद्याला हे नाव मिळाले ते विभागाचेच आहे आणि जगातल्या बहुतेक पिणाऱ्यांना आपण प्रशासकीय विभाग घोटत आहोत याची कल्पना नसते.

त्याच काळात चर्चची मालमत्ता राष्ट्रीय करून विकली गेली. ज्युमिएजचा मोठा मठ विकत घेणाऱ्यांनी त्याचा दगडाच्या खाणीसारखा वापर केला, शाँबोरचे सामान लिलावात गेले आणि माँ-सें-मिशेल तुरुंग झाला, तो 1863 पर्यंत. या पडझडीची हळहळ हीच पुढच्या प्रवासाची पहिली प्रेरणा ठरली. शार्ल नोदिए आणि बॅरन तेलर यांनी 1820 पासून ‘जुन्या फ्रान्स’मधील चित्रमय प्रवासाचे शिळामुद्रित खंड काढायला सुरुवात केली. त्यांची मांडणी जुन्या प्रांतांनुसार होती आणि पहिला खंड नॉर्मंडीचा होता. कायद्याने तीस वर्षांपूर्वी नाहीसा केलेला प्रांत इथे चित्रांच्या रूपाने परतला. सरकारनेही 1830 मध्ये ऐतिहासिक वास्तूंसाठी महानिरीक्षकाचे पद निर्माण केले. त्या पदावर 1834 साली आलेल्या प्रॉस्पेर मेरिमे याने वर्षानुवर्षे घोडागाडीतून देश पालथा घातला आणि 1840 मध्ये सुमारे हजार वास्तूंची पहिली यादी तयार झाली. आज सहलीत ज्या इमारतींसमोर बस थांबते, त्यांतल्या कित्येकींचे आयुष्य या निरीक्षकांच्या अहवालांमुळे वाढले आहे.

यादी झाली तरी तिथवर पोहोचायचे कसे, हा प्रश्न रेल्वेने सोडवला. पॅरिसहून ओर्लेआँ आणि रुआँ या दोन्ही शहरांना 1843 च्या मे महिन्यात रूळ पोहोचले आणि आजच्या सहलीच्या वर्तुळाची दोन टोके तेव्हाच ठरली. गटाने जाण्याची पद्धत इंग्लंडमधून आली. मद्यपानविरोधी मेळाव्यासाठी 1841 साली खास रेल्वेगाडी ठरवणाऱ्या थॉमस कुकने 1855 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी गट नेला. इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या कंपन्यांशी सौदा न जमल्याने त्याला बेल्जियम आणि ऱ्हाइनच्या काठाने वळसा घालून पॅरिस गाठावे लागले. अनेक शहरे, ठरलेले मुक्काम आणि बरोबर नेणारा माणूस हा गटसहलीचा साचा या अडचणीच्या वळशात बराचसा घडला.

मोटारगाडीने मात्र प्रांतांना खरा हात दिला. टायर विकणाऱ्या मिशेलिन कंपनीने 1900 साली वाहनचालकांसाठी पहिले मार्गदर्शक पुस्तक काढले आणि 1926 मध्ये एकाच प्रदेशाचे वेगळे पुस्तक काढायचे ठरवले तेव्हा ब्रिटनीची निवड केली. पर्यटकाला विभागाचे नाव सांगून काहीच कळत नाही, प्रांताचे नाव सांगितले की डोळ्यांपुढे चित्र उभे राहते, हे या व्यापाऱ्यांना प्रशासनाच्या आधी उमगले. कामगारांना 1936 साली दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि समुद्रकिनारे व वाडे सामान्य लोकांच्या आवाक्यात येऊ लागले. शाँबोरच्या भिंतींवर 1952 मध्ये ध्वनिप्रकाशाचा पहिला खेळ झाला; आपल्याकडच्या किल्ल्यांवर आणि राजवाड्यांवर होणाऱ्या अशा खेळांचे मूळ तिथे आहे.

दरम्यान 6 जून 1944 च्या दोस्त सैन्याच्या उतरणीने नॉर्मंडीच्या किनाऱ्याला नवा इतिहास दिला. कां शहर बव्हंशी जमीनदोस्त झाले, सें-मालोच्या तटबंदीच्या आतले शहर ऑगस्टमध्ये जळाले आणि नंतर जुन्या धाटणीत पुन्हा बांधले गेले. तिथे उभे राहून ‘मध्ययुगीन’ म्हणून टिपलेले बरेचसे फोटो विसाव्या शतकातल्या भिंतींचे असतात. कोलव्हिल येथील अमेरिकी स्मशानभूमीत 9,380 हून अधिक कबरी आहेत आणि अनेक गटांसाठी संपूर्ण सहलीतला सर्वांत शांत तास तोच असतो.

आपल्याकडच्या युरोप सहलींत फ्रान्स म्हणजे बहुधा पॅरिसचे दोन-तीन मुक्काम असल्यामुळे मराठी प्रवासी या वर्तुळात कमी दिसतात. ब्रिटनीशी भारताचा जुना संबंध पाहता ही रुखरुख वाटण्याजोगी गोष्ट आहे. लोरियाँ हे बंदर 1666 मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी वसले आणि त्याच्या नावाचाच अर्थ ‘पूर्व’ असा आहे. मद्रास 1746 साली जिंकणारा ला बुर्दोने हा सें-मालोचा. अलीकडचा दुवा अधिक सुखद आहे: जुलै 2025 मध्ये पॅरिसला भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ज्या अधिवेशनात शिवनेरी, रायगड, राजगड यांच्यासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली, त्याच अधिवेशनात ब्रिटनीतल्या कार्नाक परिसरातील उभ्या शिळांच्या रांगांचीही झाली.

सरकारी नकाशावर प्रांत परतले ते नियोजनाच्या वाटेने. आर्थिक आखणीसाठी 1956 मध्ये प्रदेश ठरवले गेले, 1982 च्या कायद्याने त्यांना निवडून दिलेल्या परिषदा मिळाल्या आणि 1 जानेवारी 2016 रोजी वरची व खालची अशा दोन नॉर्मंडी एकत्र आल्या. ब्रिटनीला तेवढे भाग्य लाभले नाही. ड्यूकांचा वाडा ज्या नाँत शहरात आहे त्याचा विभाग 1941 मध्ये, महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने ब्रिटनीतून वेगळा काढला आणि 1956 मध्येही तो शेजारच्या प्रदेशातच राहिला. सहलींच्या पत्रिकांत मात्र नाँत कधी ब्रिटनीखाली छापले जाते, कधी लुआरखाली. अॅनचा जन्म 1477 मध्ये याच वाड्यात झाला. ती 1514 साली ब्लुआ येथे वारली तेव्हा तिचे शरीर राजांच्या समाधीस्थळी सें-देनीला नेले गेले आणि हृदय, तिच्या इच्छेप्रमाणे, सोन्याच्या डबीत घालून नाँतला पाठवले गेले. ती डबी एप्रिल 2018 मध्ये तिथल्या संग्रहालयातून चोरीला गेली आणि काही दिवसांतच, जमिनीत पुरलेली, पुन्हा सापडली.