दोरी नेमकी कुठे बांधायची?

हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात जमिनीवरच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) वर खेचताना पुण्यात अनेकांनी पाहिलं असेल. दुसरी पद्धत म्हणजे पुढे इंजिनाचं विमान, मागे दोरीला ग्लायडर. जर्मनीत १९२७ साली गेऱ्हार्ड फिझलरने विमान चालवलं आणि मागच्या ग्लायडरमध्ये गोटलोब एस्पेनलाउब बसला, तेव्हापासूनची ही पद्धत. रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांनाही ती जमते, पण त्यासाठी टग, म्हणजे ओढणारं विमान, नीट जुळवावं लागतं.

आधी जोराचा हिशेब. ६ किलोच्या चांगल्या ग्लायडरला सरळ उडताना हवेचा विरोध जेमतेम ३०० ग्रॅम वजनाइतका होतो. तोच २० अंशांच्या चढावर न्यायचा तर त्याच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग, म्हणजे आणखी २ किलो, दोरीवर येतो. इंजिनाची ताकद लागते ती या चढासाठी. शिवाय टगला सावकाश उडता आलं पाहिजे, म्हणून पंख जाड आणि भरपूर क्षेत्रफळाचे हवेत. भरधाव टगमागे ग्लायडर उसळ्या मारतो.

आता दोरी. खऱ्या विमानांत हुक शेपटीच्या टोकाला असतो. मॉडेलमध्ये ग्लायडर कित्येकदा टगइतकाच किंवा त्याहून जड असतो, आणि खाली उभ्या वैमानिकाला दोरीचा ताण अंगाला जाणवत नाही. ग्लायडर अचानक वर चढला की तो टगची शेपूट उचलतो, नाक खाली जातं आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती पट्टी) कितीही ओढला तरी पुरत नाही. म्हणून हुक पंखाच्या मागच्या कडेजवळ, पाठीवर बसवतात. गुरुत्वमध्यापासून ९० सेंटिमीटरवरचा हुक १२ सेंटिमीटरवर आणला, तर तेवढ्याच उभ्या ओढीने शेपूट उचलणारा जोर साडेसात पटींनी घटतो. बंदरातल्या टगबोटींचा हुकही याच कारणाने मागच्या टोकाला नसून मध्याच्या जवळ असतो. माझ्या मते टगची निम्मी सुरक्षितता या एका जागेत आहे.

दोरी २० ते ३० मीटरची, विणलेल्या नायलॉनची. ग्लायडरच्या टोकाला मासेमारीच्या बारीक तंगुसाचा फास जोडतात, म्हणजे ताण वाढलाच तर विमानाऐवजी तो तुटतो. दोरी धरणारी पिन ओढून ती सोडणारा सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर, दोन्ही विमानांत लागतो आणि त्याची चाचणी रिकामी घेऊन उपयोग नाही. ताणाखाली पिन अडकते. स्प्रिंगच्या काट्याने ५-६ किलोंची ओढ देऊन पिन सुटते का ते पाहावं.

उड्डाणाच्या वेळी दोरी ताठ होईपर्यंत थ्रॉटल हळूहळू वाढवतात. ग्लायडर आधी उचलला जातो. त्याच्या वैमानिकाने टगच्या जरासं वरच राहावं आणि वळणं मोठी घ्यावीत. दोरी सैल पडली तर पुढच्या झटक्याला फास तुटतो.

ग्लायडर सुटला की टग दोरी घेऊन परततो, पण ती लोंबकळत ठेवून उतरायचं नसतं. झाडात किंवा कुंपणात अडकलेली दोरी विमानाला जमिनीवर आपटते. मैदानावरून कमी उंचीने जाताना ती आधी टाकून द्यायची, मग फेरी मारून उतरायचं.