रिटायरमेंटनंतर परदेशात राहायचंय? आधी पेन्शन आणि कागद बघा, मग देश

नाशिकरोडच्या प्रेसमधून, ओझरच्या एचएएलमधून नाहीतर बँकेतून रिटायर झालेले बरेच जण हल्ली विचारतात की राहायला थायलंड बरं, दुबई की पोर्तुगाल. माझं म्हणणं एकच, हवामान आणि फोटो बघून देश ठरवू नका, महिन्याला हातात किती येतं आणि दोघांचे कागद जुळतात का ते आधी बघा.

थायलंडला 50 वर्षं पूर्ण लागतात, व्हिसा नॉन-इमिग्रंट ओ-ए. बँकेत 8 लाख बाथ किंवा महिन्याला 65,000 बाथ इन्कम दाखवायचं, किंवा वर्षाचं इन्कम आणि शिल्लक मिळून 8 लाख भरले तरी चालतं. सोबत हेल्थ इन्शुरन्स, मेडिकल सर्टिफिकेट, पोलीस क्लिअरन्स. अर्ज ऑनलाइन होतो. तिथे नोकरी करता येत नाही आणि दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, हे लोक विसरतात. बायको 50 च्या आतली असेल तर तिला तुमच्यासोबत ओ व्हिसा मागता येतो.

दुबईचा व्हिसा 5 वर्षांचा, पण 10 लाख दिरहमची प्रॉपर्टी किंवा तेवढी बचत किंवा महिना 15,000 दिरहम पाहिजेत, म्हणजे साध्या पेन्शनवाल्याने त्यात वेळ घालवू नये. मलेशियाच्या एमएम2एच म्हणजे 'मलेशिया माय सेकंड होम' या दीर्घ मुक्कामाच्या योजनेत सिल्व्हर कॅटेगरीलाच दीड लाख डॉलर डिपॉझिट आणि वर घर विकत घेणं सक्तीचं. पोर्तुगालच्या डी7 व्हिसाला तिथल्या किमान वेतनाएवढं नियमित इन्कम लागतं, 2025 ला ते महिना 870 युरो होतं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं अजून, आणि राहायच्या जागेचा पुरावाही द्यायचा. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही, पण जमीन घेता येत नाही, भाड्यानेच राहायचं. कमी पेन्शनमध्ये मला तरी हाच पर्याय सगळ्यात सरळ वाटतो.

खरी दमछाक कागदांत होते. 1980 च्या आसपास लग्न झालेल्या कितीतरी जोडप्यांकडे मॅरेज सर्टिफिकेटच नसतं, आणि सोबत जोडीदाराचा व्हिसा मागायचा तर ते लागतंच. नाशिक मनपाच्या विभागीय कार्यालयात, म्हणजे पंचवटी, सिडको, सातपूर जिथे तुमचं असेल तिथे, जुन्या लग्नाचीही नोंदणी होते, लग्नपत्रिका नाहीतर लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे आणि तीन साक्षीदार घेऊन जा, काय काय लागतं ते आधी फोनवर विचारून घ्या म्हणजे म्हातारपणी दोन चकरा वाचतील. त्याच वेळी नावं तपासा हो! पासपोर्टवर सासरचं, पॅनवर माहेरचं, पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर नुसतं इनिशियल, असं असलं की अर्ज अडकतो, आणि गॅझेटमधून नाव बदलायला वेळ जातो म्हणून हे सगळ्यात आधी.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून, अपॉइंटमेंट नाशिकच्याच केंद्रात मिळते. पण हा आणि मेडिकल सर्टिफिकेट सगळ्यात शेवटी काढा, थायलंडला दोन्ही तीन महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत.

पैसे पाठवायला एलआरएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर, 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो रिटर्न भरताना अॅडजस्ट होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकून राहतात, तेवढी सोय ठेवा. एनआरआय झालात की साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातलं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं, पीपीएफ चालू असेल तर मुदतीपर्यंतच, पुढे वाढवता येत नाही.

आणि नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला तिकडूनही द्यावाच लागतो, भारतीय दूतावासातून होतो किंवा मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेमधून, म्हणून निघायच्या आधी आधार बँकेत आणि पेन्शनला लिंक आहे का ते इथेच बघून घ्या.