‘रक्तातच आहे’ म्हणजे ‘बदलणार नाही’ असं नसतं

परवा बीडकडच्या एका गावात पालकसभेला बसलो होतो. ऊसतोडीला जाणारी एक आई लेकराच्या मार्कांचं विचारायला आली तर तिला उत्तर मिळालं, "काय करता, घराण्यातच नाही हुशारी." ती काही बोलली नाही, लेकराचं दप्तर उचललं आन् निघाली. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, कारण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकल्यात. आनुवंशिक असणं वेगळं आणि बदलता न येणं वेगळं.

जुळ्यांवरच्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या आयक्यूची, म्हणजे बुद्धीच्या चाचणीतल्या गुणांची, आनुवंशिकता साधारण ५० ते ८० टक्के निघते. हे वाचून लोकांना वाटतं ८० टक्के डोकं आईबापाचं आणि उरलेलं शाळेचं. तसं नाही ओ. एका काळात, एका गटात माणसामाणसात जो फरक दिसतो त्यातला किती वाटा जनुकांच्या फरकाचा, एवढंच तो आकडा सांगतो. एकाच रानात मिसळ बियाणं पेरलं, खत-पाणी सगळ्याला सारखं दिलं, तर झाडाझाडातला फरक बियाण्याचाच दिसणार, पण पावसानं महिनाभर ताण दिला की सगळं रानच खुजं राहतं आणि ते खुजेपण त्या आकड्यात कुठंच येत नाही. उंचीसुद्धा अशीच, भरपूर आनुवंशिक, तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरनं वाढली.

आयक्यूचंही तेच झालं. बुद्धिमापनाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी जवळपास १४ गुणांनी चढली. चाचणी दर काही वर्षांनी नव्यानं बसवतात आणि सरासरी परत १०० धरतात, म्हणून ही वाढ वरवर बघणाऱ्याला कळतच नाही. एवढ्या थोड्या वर्षांत जनुकं बदलत नसतात. नॉर्वेत तर १९७५ च्या आसपास जन्मलेल्यांपर्यंत गुण वाढले, पुढं घसरले, आणि हा चढउतार सख्ख्या भावाभावांतही दिसला. आईबाप तेच, म्हणजे कारण बाहेरचंच.

पण गुण वाढले म्हणजे आजी ढ होती असं कुणी म्हणू नये. माझ्या आजीला मी एकदा चाचणीसारखा प्रश्न विचारला, ज्वारी आणि करडईत सारखं काय? ती म्हणाली, "ज्वारीच्या कडंनं करडई टाकतेत, काटे असतेत ना, जनावर घुसत नाही." चाचणीला पाहिजे असतं ‘दोन्ही पिकं आहेत’. आजीला शून्य मिळालं असतं. वस्तूंचे गट पाडून विचार करायची सवय शाळेनं लागते, आणि गुणवाढीत त्या सवयीचाही वाटा आहे.

आता खरी गंमत इथं आहे. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार पूर्ण जनुकांचा, उपचार नाही झाले तर बुद्धीची वाढ खुंटते. पण जन्मल्या जन्मल्या कळलं आणि आहार सांभाळला तर लेकरू नीट वाढतं. म्हणजे रक्तातलं, तरी टाळता येणारं! उलट गरोदरपणात आईला आयोडीन फारच कमी पडलं तर बाळाच्या मेंदूचं नुकसान होतं आणि ते पुढं भरून निघत नाही. यात जनुकाचा दोष काहीच नाही, साधं आयोडीनचं मीठ पोटात गेलं असतं तर झालं असतं, तरीही ते कायमचं.

लोहाचंही दुखणं असंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के लेकरं रक्तक्षय असलेली निघाली, आणि लहानपणी लोह कमी पडलं की लक्ष लागणं, शिकणं, सगळंच मागं पडतं.

त्या आईच्या लेकराचं हिमोग्लोबिन कधी तपासलंय का, दिवाळीनंतर ते ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, असतं तेव्हा त्याची शाळा कुठं असते, हे कुणीच विचारलं नाही. मीही गप्प बसलो. पुढच्या सभेत विचारणार आहे.