साडेतेहतीस अंश, बहात्तर तास

प्रसूतीत नाळ दाबली गेली किंवा वार वेळेआधी सुटली, की बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. बाळ रडत नाही, अंग लुळं असतं. मग श्वास देऊन रंग गुलाबी झाला, तरी धोका टळलेला नसतो, कारण घाव दोनदा बसतो. पहिला घुसमटीच्या वेळी. त्यानंतर पेशी काही तास सावरल्यासारख्या राहतात आणि साधारण ६ तासांनी त्यांची ऊर्जा पुन्हा कोलमडते. ग्लुटामेट (मेंदूच्या पेशींना उत्तेजित करणारं रसायन) साचतं, पेशींत कॅल्शियम घुसतं, सूज येते. अनेक बाळांना पहिले झटके पहिल्याच दिवसात येतात.

मधले हे ६ तास लाखमोलाचे. ३६ आठवडे पूर्ण झालेल्या, रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.० किंवा कमी असलेल्या आणि तपासणीत मध्यम ते तीव्र मेंदूबाधा दिसणाऱ्या बाळाला, दुसरा घाव सौम्य व्हावा म्हणून, तेवढ्यात गार करायला घेतात. बाळाखाली गार पाणी फिरणारी गादी, गुदाशयात तापमान मोजणारी बारीक तार. तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअस, सलग ७२ तास. हृदयाचे ठोके मिनिटाला १००च्या आसपास उतरतात. ते अपेक्षितच आहे, त्यामुळे मॉनिटर वाजला म्हणून घाबरायचं नाही. पण बाळ कुडकुडलं तर त्याची ऊर्जा जळते, म्हणून शामक (शांत ठेवणारं औषध) देतात. शेवटी ऊब तासाला अर्धा अंशच वाढवायची. घाई केली तर झटके परततात, रक्तदाब पडतो.

हे सगळं अद्ययावत एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), आणि आपल्याकडे तिथेही फायद्याची खात्री नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या ‘हेलिक्स’ चाचणीत (२०२१, मुंबईचं सायन रुग्णालयही त्यात होतं) गार केलेल्या बाळांत ४२ टक्के दगावली, न केलेल्यांत ३१ टक्के. इथल्या अनेक बाळांची इजा प्रसूतीच्या आधीच सुरू झालेली असावी, ही एक शक्यता. मग साधनं नसताना तर बर्फाच्या पिशव्या लावून प्रयोग करूच नयेत.

आपल्याकडे खरी लढाई पहिल्या मिनिटाची आहे. बाळाला कोरडं करा, पाठ चोळा. तरीही श्वास नसेल तर मान किंचित मागे करून अंबू बॅगने (मास्क लावून हाताने दाबायची हवेची पिशवी) मिनिटाला ४० ते ६० श्वास द्या. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते. छाती हलत नसेल, तर बहुतेक वेळा मास्कच्या कडेनं हवा निसटत असते किंवा मान वाकडी असते. आधी ते सुधारा. श्वास सुरू झाल्यावर वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र) चालूच आहे हे विसरू नका: ताप चढला की जखमी मेंदूचं नुकसान वाढतं, म्हणून काखेतलं तापमान ३७.५च्या वर जाऊ द्यायचं नाही.