ॲम्प्लिफायर बदलायचा? आधी मल्टिमीटर लावा

घरातल्या स्टिरिओचा आवाज मोकळा वाटेना, की पहिला सल्ला मिळतो तो जास्त वॉटचा ॲम्प्लिफायर घेण्याचा. लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, दुकानाच्या काउंटरवर बोलणं वॉटवरच येऊन थांबतं. पण वॉट आणि कानाला जाणवणारा आवाज यांचं नातं सरळ नाही. 50 वॉटचे 100 वॉट केले तर आवाज 3 डेसिबलनं वाढतो. शेजारी बसलेला म्हणेल, "थोडा वाढला वाटतं." आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. 40 चा काढून 60 चा बसवला तर पदरात पडतात जेमतेम पावणेदोन डेसिबल.

मग आपल्याला लागतात किती वॉट? स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते. समजा ती 87 डेसिबल आहे. याचा अर्थ 1 वॉट दिला की 1 मीटरवर 87 डेसिबल आवाज मिळतो. जोडीचे मिळून 3 वाढले, 90 झाले. बसायची जागा 3 मीटरवर असेल तर घरातल्या खोलीत साधारण 6 घटतात, उरले 84. घरात मोठ्यानं गाणी ऐकायची म्हणजे सरासरी 80 डेसिबलच्या आसपास. तेवढ्याला प्रत्येक स्पीकरला अर्धा वॉटही लागत नाही!

मोठा ॲम्प लागतो तो थापेसाठी. कीर्तनाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात पखवाजाची थाप सरासरीच्या 15 डेसिबल वर सहज जाते. 80 चे 95 गाठायला वरच्या हिशेबानं प्रत्येक बाजूला सुमारे 13 वॉट लागतील. स्पीकर 83 डेसिबलचा, लहान पेटीचा असेल तर 32. हल्लीची बरीच गाणी दाबून एकसारखी केलेली असतात, त्यांत इतकी उडी नसते. म्हणूनच फिल्मी गाण्यावर खणखणीत वाजणारा ॲम्प सरासरी तेवढीच ठेवून भजन लावलं की थापेवर फाटतो.

फाटतो म्हणजे काय, तर ॲम्पच्या सप्लायचं व्होल्टेज संपतं आणि लाटेचा माथा सपाट कापला जातो. त्याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेल्या उंच कंप्रता तयार होतात आणि त्या ट्विटरकडे, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे, जातात. लहान ॲम्प शेवटपर्यंत पिळल्यावरही ट्विटर जळतो, तो यामुळे. नॉबचा काटा मात्र याबद्दल काहीच सांगत नाही. फोनपेक्षा सीडी प्लेयरचं आउटपुट सहसा जास्त असतं, त्यामुळे त्यावर नॉब अर्ध्यावर असतानाच पूर्ण ताकद निघून गेलेली असू शकते.

खरी गरज साध्या मल्टिमीटरनं मोजता येते. 100 हर्ट्झच्या साइन टोनची (एकाच कंप्रतेच्या साध्या सुराची), उणे 12 डेसिबल पातळीची फाइल फोनमध्ये घ्या. ध्वनी संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती दोन मिनिटांत बनते. आता नेहमीचं गाणं लावून तुम्ही कधीही ऐकाल तितका मोठा आवाज करा. बास-ट्रेबल रोजच्यासारखे राहू द्या. नॉबला पुन्हा हात लावू नका. ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, त्यांची टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवा, मग ॲम्प चालू करून त्याच फोनवरून, फोनच्याही त्याच व्हॉल्यूमवर टोन वाजवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एका चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर लावा. आलेल्या आकड्याला 4 नं गुणा, कारण उणे 12 डेसिबल म्हणजे पूर्ण पातळीच्या पाव व्होल्टेज. मीटरनं 2.5 दाखवले तर झाले 10 व्होल्ट. वर्ग 100, भागिले स्पीकरचे 8 ओहम, उत्तर साडेबारा वॉट. तुमच्या सगळ्यात मोठ्या आवाजालाही एवढीच कमाल गरज आहे. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल तर ही चाचणी करू नका. लोडशिवाय चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आकडा अनपेक्षित मोठा आला तर आधी बासचा नॉब पाहा. बास 10 डेसिबल चढवला की त्या पट्ट्यात वॉट दहापट लागतात. नवा ॲम्प घेण्यापेक्षा नॉब मध्यावर आणणं स्वस्त आहे.

आता हा आकडा ताडून पाहायचा तो ॲम्पच्या आरएमएस वॉटशी, म्हणजे तो सलग देऊ शकतो त्या ताकदीशी. डब्यावरचे पीएमपीओ (क्षणिक कमाल ताकदीचे वॉट) विसरा; त्याला कोणतंही मानक नाही, छापणाऱ्याच्या मनात येईल तो आकडा. स्थानिक असेंबल केलेल्या ॲम्पचं झाकण उघडल्यावर ट्रान्सफॉर्मरच खरं सांगतो. (उघडण्याआधी प्लग काढा आणि काही मिनिटं थांबा, मोठे कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात.) ट्रान्सफॉर्मर 12-0-12 (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना 12 व्होल्ट देणारा) असेल तर डीसी सप्लाय साधारण अधिक-उणे साडेपंधरा व्होल्ट. त्यातले तीनेक ॲम्पची आयसी (चिप) खाते. उरलेल्या साडेबारांत 8 ओहमच्या स्पीकरला जेमतेम 10 वॉट मिळतात, वर स्टिकर 1000 चं असो की 5000 चं. 24-0-24 असेल तर 54 च्या आसपास.

हे गणित 230 व्होल्टचं आहे. शेतातल्या मोटारी चालू झाल्या आणि लाइन 190 वर उतरली, तर लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पची ताकद दोन-तृतीयांश उरते, कारण वॉट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतात. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आणखी वाईट. घरच्या लाइनच्या लाटेचा माथा 325 व्होल्टला असतो, 230 व्होल्टच्या चौकोनी लाटेचा 230 वरच. कपॅसिटर माथ्यापर्यंतच भरतात, म्हणून ताकद निम्मी होते, आणि वर घूंऽऽ असा आवाज येतो तो वेगळाच. अशा घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा, किंवा 100 ते 240 व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसचा (लोखंडी ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लायचा) ॲम्प. दुसरा पर्याय आम्हाला जास्त पटतो.

आकडे जुळूनही आवाज गढूळ येत असेल तर दोष बहुधा खोलीचा. वरून स्लॅब, खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंनी रंगवलेल्या गिलाव्याच्या भिंती. 4 बाय साडेतीन मीटरची, 3 मीटर उंचीची अशी रिकामी खोली घ्या. वॉलेस सबाइनच्या सूत्रानं तिचा घुमण्याचा काळ काढला तर तो दोन सेकंदांच्या वर जातो. गाणं नीट ऐकायला अर्धा सेकंद पुरे. कापसाची गादी, जाड पडदे, सतरंजी, भिंतीला टांगलेली एखादी वाकळ एवढ्यावर तो पाऊण सेकंदापर्यंत खाली येतो. इतका फरक कोणताही ॲम्प पाडत नाही. पत्र्याच्या खोलीत पत्र्याची थरथरही त्यात मिसळते. आणि उन्हाळ्यात कूलरचा घरघराट: तो 60 डेसिबलला असेल तर सुरांचे बारकावे त्याखाली बुडतात आणि आपण नॉब फिरवत राहतो. ॲम्पविषयी मत बनवायचं ते कूलर बंद असताना.

काही तक्रारी ॲम्प बदलून जातात खऱ्या, पण दुरुस्तीनं त्याहून स्वस्तात जातात. नॉब फिरवताना खरखर झाली तर कंट्रोलमध्ये धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. हळू आवाजात एक बाजू गायब होते आणि मोठ्या आवाजात परत येते, तर आउटपुट रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या विजेच्या स्विचचे) संपर्क काळवंडलेत. बास फरफरतो तर वूफरच्या (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेची फोमची रिंग बोटानं दाबून पाहा. दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो, रिंग बदलून मिळते. वायर पाहा: 0.75 चौरस मिलिमीटरची, 10 मीटर लांब ओढली असेल तर जाऊन-येऊन 0.46 ओहम रोध होतो, 4 ओहमच्या स्पीकरला हे फार आहे. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर पुरते. डिश किंवा कॉम्प्युटर जोडल्यावरच हम येत असेल तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून वीज फिरते. नवा ॲम्पही तितकाच गुणगुणेल. बॉडीला झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. मे महिन्यात काळी जमीन सुकून भेगाळते तेव्हा अर्थिंगचा रोध वाढतो, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

नवा ॲम्प घ्यावा तो मोजलेली गरज आरएमएसच्या वर जात असेल तेव्हा. किंवा 4 ओहमचे स्पीकर 8 ओहमच्या ॲम्पला जोडल्यामुळे तो तापून बंद पडत असेल तेव्हा. थोडीथोडकी वाढ घेऊ नका, निदान चौपट वॉट घ्या, म्हणजे 6 डेसिबल मिळतील. आमच्या मते मराठवाड्याच्या हवेला क्लास डी (स्विचिंग पद्धतीनं चालणारा) बरा. क्लास एबी, म्हणजे जुन्या पद्धतीचा, जास्त तापतो, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. बाहेर 43 अंश आणि ॲम्प काचेच्या शोकेसमध्ये, हे कोणत्याच क्लासला मानवत नाही. वर दहा सेंटिमीटर तरी जागा मोकळी सोडा.

घेण्याआधी जुना आणि नवा एकाच स्पीकरवर ऐका. पण दोघांचं टर्मिनलवरचं व्होल्टेज त्याच 100 हर्ट्झच्या टोनवर एक टक्क्याच्या आत जुळवून घ्या. अर्धा डेसिबल जास्त वाजणारा ॲम्प कानाला मोठा नाही, 'चांगला' वाटतो, आणि तिथंच फसगत होते. मग पाठ करून बसा आणि दुसऱ्या कुणाला दहा वेळा नाणं उडवून अदलाबदल करायला सांगा, आणि दर वेळी कोणता ॲम्प वाजतोय ते ओळखा. नुसत्या अंदाजानं दहापैकी नऊ किंवा जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक आहे. नऊ आले तर ॲम्प घ्या. पाच-सहा आले तर तेच पैसे स्पीकरला ठेवा.