छातीत कळ आल्यापासून रक्तवाहिनी उघडेपर्यंत

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याहून नाशिक शहर ९० किलोमीटरच्या आसपास. मध्ये घाट, पावसाळ्यात धुकं. हृदयविकाराच्या झटक्यात किती मिनिटांत काय व्हायला हवं याचे निकष जगभर ठरले, ते प्रामुख्याने मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांकडे पाहून. ते कसे ठरत गेले हे समजलं, तर आपल्या जिल्ह्यात वेळ नेमका कुठे जातो तेही दिसतं.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. पण पुढची कित्येक दशकं उपचार म्हणजे सक्तीची विश्रांतीच होती. रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहावं लागे. १९६० च्या दशकात हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र अतिदक्षता कक्ष निघाले. १९६६ मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज यांनी डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेच्या धक्क्याने हृदयाचे ठोके सुरळीत करणारं यंत्र, रुग्णवाहिकेत चढवला, कारण बरेच रुग्ण दारापर्यंत पोहोचण्याआधीच दगावत होते. हा मुद्दा इतक्या लवकर लक्षात आला होता, आणि तरीही पुढे बराच काळ घड्याळ सुरू व्हायचं ते रुग्णालयाच्या दारातच.

१९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की रक्तपुरवठा तुटल्यावर हृदयाचा स्नायू आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे, तासागणिक मरत जातो. १९८० मध्ये डीवुड यांच्या तपासण्यांत पहिल्या चार तासांत आलेल्या ८७ टक्के रुग्णांची रक्तवाहिनी पूर्ण बंद आढळली. म्हणजे अडथळा गुठळीचाच, आणि तो काढता येण्यासारखा. इटलीतल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने १९८६ मध्ये स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा फायदा सिद्ध केला. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

बारीक नळीतून फुगा आत नेऊन, तो फुगवून रक्तवाहिनी उघडायची, या अँजिओप्लास्टीची सुरुवात ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला केली. पुढे झटक्यातही तीच सरस ठरली, मात्र ती वेळेत झाली तरच. दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांत फुगा फुगवायचा, हा निकष त्यातून रूढ झाला. अमेरिकेतल्या रुग्णालयांनी हा वेळ ८३ मिनिटांवरून ६७ वर आणला, तरी रुग्णालयातल्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, असं २०१३ मध्ये दिसून आलं. दारामागची मिनिटं वाचवण्याला मर्यादा आहेत. दाराबाहेरच्या तासांचं काय?

भारताचं उत्तर २००८ मध्येच आलं होतं. ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत, त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे निघाला. म्हणजे निम्म्या रुग्णांना निदान सहा तास! आत आल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला लागले ते फक्त ५० मिनिटं. आणि गरीब रुग्ण श्रीमंतांपेक्षा जास्त दगावले.

हे सहा तास कुठे जातात, ते निफाड-दिंडोरीतल्या कुणालाही विचारा. द्राक्षांचा खुडा चालू असताना छातीत कळ आली, तर ‘पित्त असेल’ म्हणून ओवा खाल्ला जातो. मग गावातला डॉक्टर, मग तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग ‘नाशिकला न्या’. जिल्ह्यातल्या बहुतेक कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी होते ते कक्ष, नाशिक शहरात आहेत.

दोन गोष्टी नक्कीच बदलल्या. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, अँजिओप्लास्टी बसते. २०१४ मध्ये १०८ रुग्णवाहिका राज्यभर धावू लागल्या. पैसा आणि गाडी, दोन्ही अडचणी कमी झाल्या, पण घाट तिथेच आहे.

म्हणूनच मला तमिळनाडूचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. तिथे छोटी रुग्णालयं मोठ्या केंद्रांना जोडली, ईसीजी दूरवरच्या हृदयरोगतज्ज्ञाला दिसू लागला, आणि वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्या, असं मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. त्यातलं टेनेक्टेप्लेज तर वजनानुसार एकाच डोसात काही सेकंदांत देता येतं. रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे आधी पक्षाघात झाला होता का, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारूनच ते द्यावं लागतं. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना त्यानंतरही तातडीची अँजिओप्लास्टी लागते, म्हणून गाडी लगेच नाशिककडे निघायलाच हवी. पण ईसीजी यंत्र, हे औषध आणि ते देण्याचा निर्णय घेऊ शकणारा माणूस रात्री दोन वाजताही सुरगाण्यात, पेठमध्ये, कळवणमध्ये असला, तर उपचार घाट ओलांडण्याआधी सुरू होतो.