पेशवाई गेली, मग पुणं जगलं कशावर?

मार्च २०२० मध्ये कोरोना आला, पुण्यात शिकायला आलेली पोरं बॅगा भरून गावी गेली आणि सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या खानावळी, अभ्यासिका, झेरॉक्सवाले, कॉट बेसिसवर खोल्या देणारे आजी-आजोबा सगळे एकदम रिकामे बसले, तेव्हा बऱ्याच जणांच्या डोक्यात प्रकाश पडला की अरे, हे अर्धं शहर बाहेरगावच्या आईबापांच्या पैशावर चाललंय. सांगलीच्या उसाचं बिल, नाशिकच्या कांद्याचे पैसे, पूर्वी मनिऑर्डरने यायचे आता फोनवरून येतात, पण येतात पुण्यातच. ही सवय शहराला लागली कधी, तर त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

१८१८ ला पेशवाई बुडाली. आपण ते नेहमी राजकारण म्हणून वाचतो, पण पोटापाण्याच्या बाजूने बघा. दरबार गेला म्हणजे सरदार गेले, त्यांचे कारकून, सोनार, शिंपी, हलवाई, सगळ्यांचं गिऱ्हाईकच गेलं. पेशवे श्रावणात दक्षिणा वाटायचे, त्यासाठी लांबलांबचे ब्राह्मण पुण्यात यायचे, म्हणजे ती पण एक प्रकारची सीझनल उलाढालच होती (आणि ती एकाच जातीपुरती होती हेही सांगून टाकतो, उगाच सोवळं नको). इंग्रजांचा इथला मोठा अधिकारी एल्फिन्स्टन, त्याने हे सगळं एका झटक्यात बंद केलं असतं तर लोक बिथरले असते, म्हणून त्या पैशातला काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तीच पुढे बदलत बदलत डेक्कन कॉलेज झाली. दक्षिणेचा पैसा शिक्षणात गेला, पुण्याच्या पुढच्या सगळ्या कहाणीची सुरुवात मी इथूनच धरतो. पुढे त्याच फंडातून मराठी पुस्तकांना बक्षिसंही मिळायला लागली.

१८५४ ला इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, आजचं सीओईपी. हेतू अगदी साधा होता, सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती. आता गंमत बघा, आशियातल्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजांपैकी एक पुण्यात, पण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं पुण्यात म्हणावा तसा मोठा इंजिनिअरिंग उद्योग नाही! पोरं शिकायची आणि सरकारी नोकरीत निघून जायची. नामवंत इंजिनिअर विश्वेश्वरय्या इथलेच विद्यार्थी, पण त्यांच्या मोठ्या कामाचा खरा फायदा झाला म्हैसूरला. त्यामुळे कॉलेज काढलं की आपोआप कारखाने येतात असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मला हेच आठवतं.

पण एक धंदा मात्र मास्तर लोकांनी स्वतःच उभा केला, छापखान्याचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये चित्रशाळा हा छापखाना काढला, १८८० ला टिळक, आगरकर, नामजोशी या मंडळींबरोबर न्यू इंग्लिश स्कूल, लगेच १८८१ ला केसरी. १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन. शाळा म्हटली की क्रमिक पुस्तकं आली, मग छापणारे, बांधणी करणारे, कागदवाले, विकणारे, एकाला एक लागून आलेच. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची गर्दी त्याच वळणावरची. या मंडळींत मला नामजोशींचं जास्त कौतुक वाटतं, कारण शाळेइतकाच जीव ते देशी कारखानदारीत घालत होते, पण नाव फारसं कुणी काढत नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र गाडी सुसाट सुटली. १९४९ ला गणेशखिंडीत विद्यापीठ, १९५० ला एनसीएल ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा, १९५४ ला पिंपरीत औषधं बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज. आता हे कॉलेजांमुळे आले का? फक्त तेवढ्यामुळे नाही. मुंबईत जागा उरली नव्हती, एमआयडीसीने, म्हणजे सरकारी औद्योगिक महामंडळाने, प्लॉट दिले, रेल्वे होतीच. पण आल्यावर त्यांना शिकलेली माणसं दारातच मिळाली, हा फरक. १९८८ ला संगणक संशोधनाची सीडॅक आणि खगोलशास्त्राची आयुका, १९९१ ला सीडॅकचा परम महासंगणक, आणि पुढे हिंजवडीची आयटी वसाहत आली तेव्हाही तेच झालं. मधल्या काळात १९८३ ला वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून पोरांचा लोंढाच सुरू झाला. डोनेशनवरून शिव्या घालणारे घालोत, पण बाहेरगावचा पैसा शहरात आणणारा याच्याइतका मोठा पाइप दुसरा नाही. परदेशी विद्यार्थी तर त्याआधीपासून होते, सिम्बायोसिस १९७१ ला निघाली तीच मुळात त्यांच्या अडचणी बघून.

सांस्कृतिक संस्थांचं गणित जरा वेगळं आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून पुण्यात आली, कोल्हापूरचं नुकसान आणि पुण्याचा फायदा. ती बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट झाली, पण शिकून तयार झालेली बहुतेक पोरं मुंबईला! म्हणजे खर्च पुण्यात, कमाई अंधेरीत. याउलट १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव किंवा गणेशोत्सव, यांचा पैसा इथेच फिरतो, मांडववाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत.

आणि हे सगळं फुकट मिळालं असंही नाही. खोल्यांची भाडी वाढली, नळाला पाणी कमी, आणि स्पर्धा परीक्षांच्या नादात दहा-दहा वर्षं पेठेत अडकलेली पोरं आहेत, त्यांच्या घरच्यांच्या पैशावर शहर चालतं पण त्यांच्या पदरात काय पडतं हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. विश्रामबागवाड्यावरून बाजीराव रोडने चालत अप्पा बळवंत चौकापर्यंत गेलात तर ही पोरं दिसतील, हातात जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणि दुकानदाराशी दहा रुपयांसाठी घासाघीस.